एदमे आत्यांचे पाहुणे

“मला एकटीला टाकून गेलात तर मी कोणालाही दार उघडीन हं, आधीच सांगून ठेवते,” एदमे आत्या म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते. हसण्यासारखंच होतं ते. सहाव्या मजल्यावरच्या त्या नव्या खोलीत, खिडकीपाशी, त्या टोपी घालून बसल्या होत्या, घरातल्या घरात टोपी, आणि मी तान्ह्या गास्पारला खांद्यावर थोपटत निरोप घ्यायला वर गेले होते. खाली गाडीत सामान भरून झालं होतं. तिबोने, माझ्या नवऱ्याने, दोनदा हॉर्न वाजवला होता. “कोणालाही म्हणजे कोणाला?” मी विचारलं. “येईल त्याला. ऑगस्टात पॅरिसमध्ये येतं कोण? एक पोस्टमन, नाहीतर एक चोर. आणि पोस्टमन काही सहा मजले चढत नाही.” मी त्यांच्या गालाला गाल लावला. कोरडा आणि गरम होता, झोपेतून उठलेल्या बाळाच्या टाळूसारखा. जिना उतरताना मला वाटलं, बाई मोठी गमतीदार आहे, म्हातारपणी आपणही असंच गमतीदार व्हावं. मग गाडीत बसल्यावर बाळाच्या बाटल्या मोजल्या, टोपडी मोजली, आणि सहावा मजला डोक्यातून गेला.

त्याला वर्ष झालं. आज सकाळी फोन वाजला तेव्हा मी समुद्रावरच्या घरात, सासऱ्यांच्या घरात, बोळात उभी होते. फोन तिथे भिंतीवरच्या हवामान दाखवणाऱ्या काट्याखाली टांगलेला आहे, आणि समोरच्या खुर्चीत सासरे पेपर वाचत बसतात, त्यामुळे ह्या घरात कोणाचंही बोलणं खासगी नसतं. “सूनबाई, नोर्बेर बोलतोय. शेजारी कोणी आहे?” “हो.” “म्हातारा जज्ज?” “हो, हो.” “मग नुसतं हो म्हणत राहा, मासळीवाला आहे समजा. ल्युस्यांला पोलिसांनी उचलला. परवा.” आणि मग ल्युस्यांला कसा उचलला ते त्याने भराभर सांगितलं, मला निम्मं लागलं, निम्मं नाही. “मी बेल्जियमच्या वाटेवर आहे. बूथवरनं बोलतोय, सुटे संपत आलेत. आत्याबाई एकट्या आहेत आमच्या घरी. निघालो तर म्हणाल्या, जा रे, माझी काळजी करू नकोस. म्हणजे काळजी करा, कळलं ना?” “हो.” “बांगडे पाठवू दोन किलो?” तो म्हणाला. अशा वेळीही त्याला राहवत नाही. मग फोन तुटला. “कोण?” सासऱ्यांनी पेपराआडून विचारलं. “मासळीवाला.” “इतक्या सकाळी?” “ताजी आहे म्हणतो.” “ते तसंच म्हणतात,” सासरे म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. माझ्या तळहाताचा ओला ठसा रिसीव्हरवर उमटला होता. तो हळूहळू आक्रसत गेला ते मी पाहत राहिले. गास्पार आतून हाक मारत होता. दुसऱ्या पानावर पॅरिसचं तापमान छापलेलं असतं. पान सासऱ्यांच्या हातात होतं आणि मला पाठीमागून उलटं दिसत होतं.

सासरे न्यायाधीश होते. आता निवृत्त आहेत, पण कोटाच्या काजापाशी सरकारी सन्मानाची लाल फीत अजून असते, पोहायला जातानाही झग्यावर लावतील की काय असं वाटावं इतकी नेमाने. आमच्या सासरी नवराबायको एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात, सुनेलाही ‘तुम्ही’, आणि जेवताना हवामान, देवळातलं प्रवचन आणि नातेवाइकांच्या बढत्या ह्यांच्यापलीकडे विषय जात नाही. एदमे आत्या ह्या त्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. भावाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, आवाराकडच्या थंड खोलीत त्यांची सगळी हयात गेली. गास्पार झाला आणि ती खोली बाळाची झाली. आत्यांना कोणी बाहेर काढलं असं कोणीच म्हणालं नाही, कारण कोणी काढलंच नव्हतं, ते आपोआप झाल्यासारखं झालं. सहाव्या मजल्यावर पूर्वी घरोघरच्या मोलकरणी राहायच्या. तिथल्या आमच्या वाट्याच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली, पिवळा रंग दिला. सासूबाई म्हणाल्या, “एदमे, तुम्हाला उजेड किती आवडतो!” आत्या म्हणाल्या, “हो का? मला माहीत नव्हतं.” पिवळा रंग मी निवडला होता. वर छताला जस्ताचे पत्रे. एप्रिलात त्यांच्यावर पाऊस पडायचा तेव्हा छान वाजायचं.

गेल्या ऑगस्टात पॅरिस भाजून निघालं. आम्हाला समुद्रावर काय कळणार. संध्याकाळी आम्ही अंगावर लोकरीचं काहीतरी घेत होतो. रेडिओवर सांगू लागले की माणसं मरताहेत, बहुतेक म्हातारी, बहुतेक एकटी, बंद दारांमागे. जेवताना रेडिओ बंद करायचा असा घरातला शिरस्ता, म्हणून सासूबाईंनी तो बंद केला आणि काट्याने मासा सोडवता सोडवता म्हणाल्या, “एदमेचं बरं असेल ना हो?” सासरे म्हणाले, “एदमेने युद्ध पाहिलंय.” तिबो म्हणाला, “युद्धात एवढं उकडत नव्हतं.” सगळे हसले. मीही. मग फोन केला, वर कोणी उचलला नाही. सासरे म्हणाले, “सावलीला बागेत गेली असेल, शहाणी आहे.” दुसऱ्या दिवशीही शहाणी होती. मी म्हटलं, आपण लवकर परतू या का, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या चारित्र्याबद्दल बोलले. लवकर परतणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं मान्य करणं, आणि ह्या घरात काही बिघडत नाही. मला दूध येत होतं, छाती दुखत होती, बाळ रात्रंदिवस अंगाला चिकटलेलं. कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकले, इतर माणसांबद्दलच्या कर्तव्यावर चांगला निबंध लिहिला होता, आणि त्या दिवसांत माझं जग म्हणजे माझ्या दोन स्तनांएवढं झालं होतं. आम्ही ठरल्या तारखेलाच परत निघालो.

जिन्यातच वास आला. लोण्यात परतलेल्या कांद्याचा, बंद घराला कधीच येत नाही तसा. सासऱ्यांनी किल्ली फिरवली, दार उघडलं. झडपा सगळ्या लावलेल्या, खिडक्यांना ओल्या चादरी टांगलेल्या, आणि जेवणघराच्या अंधुक गारव्यात टेबलाच्या मुख्य जागी एदमे आत्या, टोपी घालून. त्यांच्या उजवीकडे सासऱ्यांचा निळा शर्ट घातलेला साठीचा एक जाडा माणूस, डावीकडे सासऱ्यांचाच पांढरा शर्ट घातलेला एक काटकुळा. दोघे ताडकन उभे राहिले. जाड्याच्या गळ्याला रुमाल खोचलेला होता. आता काय व्हायला हवं होतं? ओरडणं, धावणं, निदान ‘कोण तुम्ही?’ असं तरी. पण माणसं जेवायला बसलेली होती. आणि जेवणाऱ्यांच्या मध्ये आपण आलो आहोत एवढंच सासऱ्यांच्या शरीराला कळलं असावं, डोक्याला कळण्याआधी. त्यांनी हॅट काढली, पुढे होऊन दोघांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, “माफ करा हं. बसा, बसा. चालू द्या तुमचं.” झालं. तेवढं एकदा तोंडातून गेल्यावर मागे फिरायची वाटच राहिली नाही. “पानं मांडा अजून,” आत्या म्हणाल्या. सासूबाईंनी, काय करतोय ते न कळता, कपाटातून ताटल्या काढल्या. आम्ही बसलो. प्रवासाच्या कपड्यांत, गास्पार माझ्या मांडीवर. “तुम्ही काय करता?” सासऱ्यांनी जाड्याला विचारलं. “कुलपांचं काम, साहेब.” “स्वतःचा व्यवसाय?” “भागीदारी आहे. हा माझा मेहुणा. बायको वारली, मेहुणा राहिला.” “नशीब,” काटकुळा म्हणाला. “माझं,” तोच पुढे म्हणाला आणि वाडग्यातलं सॅलड सासूबाईंकडे सरकवलं. मग चीज आलं, आणि त्याने ब्री चीजच्या तिकोनी तुकड्याचं टोकच कापून स्वतःच्या ताटलीत घेतलं, जे आमच्याकडे कोणी सभ्य माणूस करत नाही. सासूबाईंच्या तोंडून हलका चीत्कार बाहेर पडला. चोर घरात शिरल्याचं त्यांना तेव्हा पटलं असावं.

हकिकत त्या दोघांनी आळीपाळीने सांगितली, एकमेकांना खोडून काढत. मागच्या जिन्याने ते वर चढले होते. हा जिना प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराला मागून लागतो आणि सहाव्या मजल्यावर संपतो. वरून सुरुवात करायची आणि उतरत यायचं, अशी त्यांची रीत. “रिकामं असतं ना वर,” ल्युस्यां म्हणाला, जाड्याचं नाव ल्युस्यां. त्याने वरचं पहिलं दार उघडलं आणि आतून अंगावर वाफ आली, भाकरीच्या भट्टीचं तोंड उघडल्यासारखी. पलंग आणि खिडकी ह्यांच्या मध्ये जमिनीवर आत्या होत्या. “मी म्हटलं, गेली. म्हटलं, ल्युस्यां, सटक, आपल्यावर बिल फाटेल,” नोर्बेर, म्हणजे तो काटकुळा, म्हणाला. “आणि त्यांनी डोळा उघडला. एकच. आणि म्हणाल्या, उशीर केलात.” “मी असं म्हणाले?” आत्यांनी विचारलं. “अगदी असंच. मी मनात म्हटलं, ही माझी सासू तर नव्हे?” ल्युस्यांने त्यांना पाठुंगळीला घेतलं. त्याचे गुडघे गेलेले. दर पायरीला शिवी देत तो उतरला आणि आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार लाथेने उघडलं. “तोडायचं तर होतंच,” तो सासऱ्यांकडे बघून दिलगिरीने म्हणाला. गार पाण्याच्या टबात त्यांना कपड्यांसकट बसवलं, चमच्याने पाणी पाजलं, मग साखरपाणी, मग सूप. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हणाले, तर ताप. तिसऱ्या दिवशी नोर्बेर बाजारात गेला. “मग राहिलो. चोरी राहूनच गेली, साहेब. वेळच मिळाला नाही,” ल्युस्यां म्हणाला. “कुंड्यांना पाणी मी घातलं,” नोर्बेर म्हणाला. “तुमचं जिरॅनियम मेलंच होतं. आता बघा.”

कॉफी दिवाणखान्यात घेतात. ती झाली, आणि मग सासरे उठले, कोटाची फीत चाचपली आणि फोनकडे गेले. जेवण संपलं होतं. आता ते पुन्हा न्यायाधीश होते. चोरांनी एकमेकांकडे बघितलं, पण उठले नाहीत. पळायला लाजले असावेत. आत्या म्हणाल्या, “कर फोन, ह्यूबेर. ते आले की मीच सांगते. मी कुठे होते, तू कुठे होतास, आणि फोन किती वाजला ते. वाजलेला मला ऐकू येत होता.” सासऱ्यांचा हात रिसीव्हरवर होता. मी त्यांच्याकडे नव्हते बघत, मी आत्यांच्या हाताकडे बघत होते, कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा, पडल्याचा. वाजलेला ऐकू येत होता. त्यातली एक घंटा माझी होती. सासऱ्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, “गृहस्थहो, घराण्याच्या वतीने मी आपला आभारी आहे.” कोर्टात शिक्षा वाचून दाखवावी तसं. आत्या हसू लागल्या; हसता हसता खोकला आला, ल्युस्यांने न सांगता पाण्याचा पेला पुढे केला. त्या तो प्यायल्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, “माझी पेटी बांध रे. मी तुमच्याकडे येते.” सासूबाई म्हणाल्या, “एदमे, लोक काय म्हणतील?” “सांगा, हवापालटाला डोंगरात गेली.” आणि खरंच, देवळात अजून सगळे विचारतात, डोंगरातली हवा मानवली का? सासूबाई म्हणतात, उत्तम मानवली.

पॅरिसच्या वेशीवरच्या मोंत्रईला, ल्युस्यांच्या घरी, मी दर आठवड्याला जात राहिले, गास्पारला पोहायला नेते असं सांगून. त्याचे केस नळाखाली ओले करून घरी आणायचे. माझ्या चोऱ्या एवढ्याच. आत्या तिथे टोपी काढून बसायच्या. मला आधी कळेना काय वेगळं दिसतंय. मग कळलं, त्यांना केस होते, पांढरे, विरळ, आणि त्यांच्या कानामागे एक तीळ होता जो त्यांच्या सख्ख्या भावाने बहुधा पन्नास वर्षांत पाहिला नसेल. त्या पत्ते खेळायच्या आणि लबाडी करायच्या. “आत्याबाई, आम्ही धंदेवाईक, तुम्ही आम्हाला फसवता?” नोर्बेर ओरडायचा. “धंदेवाईक असतास तर आमच्या घरातून काहीतरी नेलं असतंस,” त्या म्हणायच्या. मी सोफ्याच्या कडेला बसायचे, गास्पार लादीवर रांगायचा, आणि मला नेहमी कशाची तरी भीती वाटत राहायची. चोरांची नव्हे. संध्याकाळी घरी आले की बाळाला त्या थंड खोलीत निजवायचे, आणि तो चटकन झोपी जायचा, ह्याचीच मला भीती वाटायची. इतकी गाढ झोप त्या खोलीत. मी दाराशी उभी राहून त्याचा श्वास ऐकायचे, आणि ऐकता ऐकता मला वर चालल्याचे आवाज यायचे, जिथे आता कोणी राहत नव्हतं. तिबो म्हणायचा, तू दमलीयस. दमले होतेच. पण दमल्याने जिथे कोणी नाही तिथलं ऐकू येतं, की जे आधीच ऐकायला हवं होतं ते?

ल्युस्यांने एकदा मला सांगितलं होतं, वाटाणे सोलत, मान खाली घालून, काही वाईट सवय कबूल करावी तसं. “धंद्याला गेलो ना, सूनबाई, की वरच्या मजल्यावर आता आधी कुलपाला हात लावत नाही. दारं ठोकून बघतो. कोणी पडलंबिडलं असेल तर? मग जीवच लागत नाही कामात.” नोर्बेर कपाळावर हात मारायचा: “चोर दार ठोकून जातो! जगात कुठे ऐकलंय? एक दिवस मरशील आणि मलाही मारशील.” सकाळी फोनवर त्याने जे घाईत सांगितलं ते मला आत्ता, गास्पारला अंडं भरवताना, सबंध लागलं. परवा एका मोठ्या इमारतीत दोघे शिरले. वर जाऊन ल्युस्यांने एकेक दार ठोकलं. तिसरं दार एका म्हाताऱ्याने उघडलं, ठणठणीत, कडक इस्त्रीचा पायजमा. ल्युस्यांने विचारलं, “काका, पाणीबिणी आहे ना? झडपा लावून घ्या दुपारच्या.” म्हाताऱ्याने त्याच्या हातातल्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं, धन्यवाद म्हणाला, दार लावलं आणि पोलिसांना फोन केला. ल्युस्यांला पळता आलं असतं. तो पुढचं दार ठोकत होता.

मी दिवसभर मोंत्रईचा नंबर फिरवतेय. फोन तिथे शिवणयंत्रावर असतो, खिडकीपासून लांब, आणि आत्यांच्या खुर्चीपासून तो हाताच्या अंतरावर. वाजतो. वाजतच राहतो. मला माहीत आहे की वाजलेलं ऐकू येतं. सासरे म्हणाले, “कोणाला एवढे फोन करताय तुम्ही?” आणि मी सांगितलं, कोणाला ते. पहिल्यांदाच त्या घराचा पत्ता ह्या घरात उच्चारला. त्यांनी हवामानाच्या काट्यावर बोटाने टकटक केली. “ती डोंगरात आहे,” ते म्हणाले. आवाज थकलेला होता, खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. इतके दिवस सांगून त्यांना ती तिथे दिसत असावी. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिबो बंदरावर शर्यतीच्या होडीत आहे, गाडी घेऊन. अशा वेळी दार उघडायला इथे अग्निशमन दल येतं, त्यांना फोन केला. “त्यांच्या कोण आपण?” “भाचेसून.” “कधीपासून उचलत नाहीत?” “आज सकाळपासून.” “बाई, ऑगस्ट आहे, आमच्याकडे अशा फोनांची रांग आहे. यादीत घातलंय.” पोलिसांना त्या घरी पाठवणार नाही असं मी आत्यांना वचन दिलं होतं; ते मोडून त्यांनाही केला. तिथे मला कोणा अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरवलं आणि संगीत लावलं. पॅरिसच्या आजच्या साऱ्या आगगाड्या भरलेल्या आहेत, सुट्टीची अदलाबदल आहे, अर्धा देश परततोय आणि अर्धा निघालाय. उद्या पहाटेची मिळाली. गास्पारला मी ठेवून जातेय. त्याला आजवर कधी कोणाकडे ठेवलं नाही, आणि ठेवायला हेच एक घर आहे माझ्याजवळ. कान दुखतोय त्याचा. सासूबाई मघाशी बाहेर आल्या, डोळे लाल, आणि म्हणाल्या, “जा तुम्ही. मी रात्रभर जागीन त्याच्याशी.” मला त्यांचं खरं वाटलं. इथे एवढं एकच आज खरं वाटलं.

पण मी पोचेपर्यंत उद्याची दुपार होईल, आणि पॅरिसमध्ये आज किती तापलंय ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. तुम्ही जर त्या बाजूला असाल, सुट्टीवर गेला नसाल, तर एवढं करा. मोंत्रईला, भाजीबाजाराच्या मागे, सायकलदुरुस्तीच्या दुकानाला लागून हिरवं दार आहे. ते नुसतं ढकलायचं. आवार ओलांडलं की डावा जिना, पहिला मजला, बेल चालत नाही. हाताने ठोका, जोरात. एदमे म्हणून हाक मारा, आत्या नको, आत्या म्हटलं की त्यांना वाटेल आमच्यातलं कोणी आलं. लगेच उतरू नका. पायरीवर बसा, पुन्हा ठोका, दाराला कान लावा. खुर्ची सरकली, भांडं वाजलं, काहीही, तर थांबा, त्यांना वेळ लागतो. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर खाली सायकलवाल्याकडे पहार असते. मागून घ्या आणि दार तोडा. विचार करू नका कोणाचं घर, काय म्हणतील; तोडा, आत जा, आधी पाणी. बाकीचं मी येऊन बघते.